मंगळावरचा खोत

माणसाने मंगळावर वस्ती करावी का, या वादात विज्ञानकथांचे वाचक बहुधा उत्साही बाजूला असतात. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आदळलेल्या एका अशनीने डायनोसॉरचा निकाल लावला. मग आपण सगळ्यांनी एकाच ग्रहाच्या भरवशावर का राहायचं? विरोधक म्हणतात, निसर्गाने जिथे जागा दिलेली नाही तिथे शिरू नये. अलिबाग-पेणच्या खारेपाटात मात्र हे कुणी ऐकून घेणार नाही.

खारेपाट ही समुद्राकडून हिसकून घेतलेली जमीन. खाडीच्या चिखलात मातीचे बांध घालून भरती अडवली, आतलं पाणी ओहोटीला निघून जावं म्हणून उघाड्या ठेवल्या, पावसाने मीठ धुऊन काढलं आणि मग भात लावला. हे काम कधीच संपत नाही. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं, आणि दुर्लक्ष झालं तर शेतात तिवरांचं रान माजतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या त्या याच जमिनींसाठी. मंगळाच्या मातीतही क्षार आहेत. फिनिक्स यानाला २००८ साली तिथे परक्लोरेट सापडले. ते धुवायला तिथे पाऊस नाही, एवढं खरं.

तेव्हा ‘जमेल का’ हा प्रश्न मी शास्त्रज्ञांवर सोडतो. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. या मुलखात शेत कसलं कुळांनी, आणि पिकाचा मोठा वाटा नेला सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराने, म्हणजे खोताने. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावच्या सभेत, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयकही मांडलं. खोतीविरुद्धचा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. संपाची एवढी वर्षं शेतं ओस ठेवून ही माणसं जगली कशी? खाडीतल्या मासळीवर, रानातल्या लाकूडफाट्यावर. खोताच्या मालकीबाहेर थोडं जग शिल्लक होतं, म्हणून त्याला नकार देता आला.

मंगळावर असं बाहेर काही नाही. हवा, पाणी, ऊब, परतीचं यान, सगळं एकाच मालकाचं. तिथे काम बंद करणाऱ्याने श्वास कुणाच्या परवानगीने घ्यायचा?

विज्ञानकथेने हे ओळखलं नाही असं मुळीच नाही. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९६६ च्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ या कादंबरीत चंद्रावरचे लोक बोगद्यांत गहू पिकवतात, तो भुकेल्या पृथ्वीवर, भारतातही, धाडला जातो, आणि शेवटी ते बंड करतात. पण पृथ्वीकडे धान्य फेकण्याचं यंत्र त्यांच्या हाती लागतं आणि त्यातून ते पृथ्वीवर दगड डागतात. चरीच्या कुळांकडे असलं काही नव्हतं. कादंबरीकाराने आपल्या बंडखोरांची जरा जास्तच सोय केली, असं मला वाटतं.

खोतीची भाषा आत्ताच कानावर येऊ लागली आहे. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या ग्राहक-करारात २०२० साली एक कलम दिसलं: मंगळ हा स्वतंत्र ग्रह असून पृथ्वीवरच्या कुठल्याही सरकारचा तिथे अधिकार नाही. ऐकायला क्रांतिकारक. पण सरकारचा अधिकार नाही म्हणजे कुळकायदाही नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कुठल्याही देशाला आकाशस्थ पिंडांवर मालकी सांगता येत नाही, आणि खासगी कंपन्यांच्या कारवायांची जबाबदारी त्यांच्या देशांवर टाकली आहे. भारताने जून २०२३ मध्ये सही केलेला आर्टेमिस करारनामा या कराराचा हवाला देतोच, पण खनिजं उपसणं म्हणजे आपोआप मालकी सांगणं नव्हे, असंही म्हणतो. त्यात उपशाचा विचार आहे, उपसणाऱ्या मजुराचा नाही. पुढच्या वाटाघाटींत भारताने एक कलम मागावं: वस्तीतली हवा आणि परतीची जागा कुणाच्याही नोकरीला बांधलेली नसेल. ते मिळालं, तर मंगळावर जायला माझी हरकत नाही.