सरावातील असत्य, रणांगणातील मरण



युद्ध पहिल्या गोळीने सुरू होते, असे आपण समजतो. खरे पाहता ते सरावाच्या मैदानावर आणि नकाशाच्या पटावर आधीच सुरू झालेले असते. सरावात जी सवय मनाला लागते, तीच रणांगणावर हुकूम देते. म्हणून युद्धाच्या नीतीचा विचार सरावापासूनच केला पाहिजे.

एक उदाहरण घ्या. मे १९४२च्या आरंभी जपानी आरमाराने ‘यामातो’ युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेचा पटावरील सराव केला. पंचांनी फासे टाकले. निकाल असा लागला की, शत्रूचे नऊ बॉम्ब लागले आणि ‘आकागी’ व ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्या. अध्यक्षस्थानी असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. ‘आकागी’ वाचली. ‘कागा’ बुडाली खरी, पण पुढच्या डावात तीही पुन्हा हजर झाली!

४ जून रोजी खरी लढाई झाली. ‘आकागी’, ‘कागा’ आणि त्यांच्या जोडीच्या आणखी दोन विमानवाहू नौका, अशा चार गेल्या. तीन हजारांहून अधिक जपानी माणसे मेली. फासे पुसले म्हणून लढाई हरली, असे मी म्हणत नाही. पण पटावरची नौका एका शब्दाने तरंगते. समुद्रातली तरंगत नाही.

हा दोष एका राष्ट्राचा आहे काय? नाही. २००२ साली अमेरिकेच्या ‘मिलेनियम चॅलेंज’ या सरावात शत्रुपक्षाचे नेते निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर होते. त्यांनी मोटारसायकलस्वारांकरवी निरोप पाठवले आणि अचानक हल्ला करून सोळा जहाजे बुडवली. ती जहाजे पुन्हा तरंगवण्यात आली. पुढे शत्रूचेच हात नियमांनी बांधले गेले, तेव्हा व्हॅन रायपर यांनी ते नेतृत्व सोडले.

डाव पुन्हा मांडणे हा अपराध नव्हे. हजारो सैनिक सरावासाठी जमलेले असतात, त्यांना शिकायचे असते. परंतु शत्रूचे हात बांधून मिळवलेल्या विजयाला पुरावा मानणे, हे असत्य आहे.

आता विचार करा, या असत्याची किंमत कोण देतो? निकाल बदलणारा वरिष्ठ नव्हे. ती देतो नौकेच्या पोटात इंजिनाशी राबणारा खलाशी. त्याला त्या पटाजवळ कोणी बोलावले नव्हते, त्याचे मत कोणी विचारले नव्हते.

ज्याच्या हाती दुसऱ्यांचे प्राण आहेत, त्याने आपला पराभव ऐकण्याचा सराव आधी केला पाहिजे. तो ज्याला जमत नाही, त्याला हुकूम देण्याचा नैतिक अधिकार कोठून येणार?