पॉवर बँक आणि अपरिग्रह

प्रवासात काम करणाऱ्याच्या पाठपिशवीत लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, इअरफोन आणि केबलींचा गुंता असतो. एवढे बाळगणे अपरिग्रहाच्या, म्हणजे संग्रह न करण्याच्या व्रताच्या, विरुद्ध जाते का? पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह शेवटी ठेवला. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रह वस्तूंच्या संख्येवरून ठरवला नाही, त्यांच्यावरील आसक्तीवरून ठरवला. दिगंबर मुनी अंगावर वस्त्रही ठेवत नाहीत, पण पिंछी, कमंडलू आणि शास्त्र जवळ बाळगतात. बसण्यापूर्वी मोरपिसांच्या पिंछीने जागा हलकेच झाडली जाते, कारण एखादा बारीक जीव चिरडला जाऊ नये. अशी उपकरणे संयमाच्या कामी येतात तोवर परिग्रह ठरत नाहीत.

गृहस्थाचा नियम अर्थातच सौम्य आहे: परिग्रहाची मर्यादा आपली आपण ठरवायची. गरज की आसक्ती, ही कसोटी पॉवर बँकेला नेमकी लागू पडते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास ऊर्जा साठवते. तेवढ्यावर फोन तीन-चारदा चार्ज होतो, म्हणजे दिवसभराच्या प्रवासाला एक पुरे. दुसरी घेतली जाते ती बहुधा चार्ज संपण्याच्या भीतीने, आणि आसक्ती या भीतीवरच पोसली जाते. शिवाय बऱ्याच लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट असते, आणि काँगोतील कोबाल्टच्या खाणींत लहान मुलेही राबतात. अहिंसेचा विचार करणाऱ्याला हे नजरेआड करता येत नाही. ज्यावाचून काम अडते ते यंत्र जरूर ठेवावे. केवळ धीरासाठी बाळगलेले गरजूला देऊन टाकावे.