दोनच शिल्लक!



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 62 आणि 63 या श्लोकांवर. भावार्थ असा: एखाद्या विषयाचं सतत चिंतन केलं की त्याची ओढ लागते. ओढीतून इच्छा, इच्छेतून राग, आणि पुढे घसरत घसरत शेवटी बुद्धीच जागेवर राहत नाही.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. "अरे, नवीन मिक्सर मागवला, ऑनलाइन." म्हटलं, जुना चालतोय की! तर म्हणाली, "दोनच शिल्लक होते रे. आणि वेळ पण संपत आली होती."

मी गप्प. कारण माझ्या पहिल्या नोकरीत असलाच उलटा चालणारा टायमर मी स्वतः लिहिला होता. पान रिफ्रेश केलं की तो पुन्हा 15 मिनिटांपासून सुरू व्हायचा. गोदामातल्या मालाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. विक्री वाढली, मॅनेजर खूश, मीही खूश.

श्लोकात इच्छा तिसऱ्या पायरीवर आहे बघा. आपण संयम आठवतो तो पैसे भरायच्या बटणापाशी. जाहिरात मात्र पहिल्या पायरीवर काम करते, चिंतनावर. एकदा बूट बघितले की ब्राउझरमधली कुकी ते लक्षात ठेवते. मग बातम्या वाचा, स्कोअर बघा, तेच बूट समोर. आपण न मागता आपल्याकडून विषयाचं ध्यान करवून घेतलं जातं. 1968 साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं की अर्थहीन शब्दसुद्धा नुसते वारंवार दिसले तरी माणसाला आवडू लागतात. म्हणजे जपाचीच ताकद, फक्त नाम दुसरंच!

मग दोष कुणाचा? भुलणाऱ्याचा की भुलवणाऱ्याचा?

बुटांच्या बाबतीत मी माझ्या मनाला जबाबदार धरीन. ती ओढ माझी आहे, हा श्लोक माझ्यासाठी आहे. पण आईचं तसं नाही. तिनं स्क्रीनवरचा आकडा वाचला आणि खरा मानला. हा लोभ नव्हे, विश्वास आहे. श्लोक स्वतःला लावायचा असतो. फसवणाऱ्यानं तो फसलेल्याला ऐकवायचा नसतो.

30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा 13 युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई दाखवणं त्यात आहेच. मी टायमर लिहिला तेव्हा ही यादी नव्हती. पण यादी नव्हती म्हणून ते खोटं नव्हतं, असं थोडंच आहे?

शेवटी आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तू लिहिलेलं वाचूनही कुणाच्या तरी आईनं असंच काहीतरी घेतलं असेल ना?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन गोष्टी मात्र ठरवल्यात. काही घ्यावंसं वाटलं की एक रात्र थांबायचं. आणि ऑफिसात खोटा आकडा दाखवायचं काम आलं, तर नाही म्हणायचं. दुसरी जड जाणार आहे, माहितीये.

तुम्हीही आज एवढंच बघा: मनात घोळणारी वस्तू तिथे आणली कुणी?

राम कृष्ण हरी 🙏