निवडलेले गाव आणि न निवडलेले शेजारी

शहरातले बिऱ्हाड मोडून खेड्यात जावे, थोडी बाग करावी, उरलेल्या वेळात पोटापाण्याचे काम करावे ही इच्छा आता फक्त निवृत्तांची राहिलेली नाही. इंटरनेट पोचले तिथे नोकरीही पोचली. मग गाव कोणते घ्यायचे याची चर्चा सुरू होते आणि ती पाऊस, रस्ता, दवाखाना, सातबारा कोरा आहे का, गुंठ्याला भाव काय यांभोवती फिरत राहते. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या बुडाशी आणखी एक प्रश्न आहे आणि तो व्यवहाराचा नाही, धर्माचा आहे. जिथे आपण जन्मलो नाही, जिथे आपले कोणी नाही, तिथे जाऊन राहण्याचा नैतिक अधिकार माणसाला कशाने मिळतो? खरेदीखताने मालकी मिळते. अधिकार मिळतोच असे नाही. माझे म्हणणे असे की, जागेचे गुण मोजून गाव निवडणे अपुरे आहे. त्या गावाची कोणती उणीव आपण वाटून घेऊ शकतो, हे निवडीचे खरे गमक असले पाहिजे. महाराष्ट्रात ही उणीव बहुतेक ठिकाणी पाण्याची आहे.

अशा स्थलांतराला परंपरेचा आधार म्हणून वानप्रस्थाश्रम पुढे केला जातो. तो आधार तपासून घ्यावा. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरात नातवंड दिसू लागले की माणसाने वनात जावे असे सांगितले आहे, हे खरे. पण त्याच अध्यायात वानप्रस्थाने नांगरलेल्या जमिनीतले धान्य खाऊ नये, कोणी टाकून दिलेले असले तरी खाऊ नये, आणि उपाशी असतानाही गावात पिकलेली कंदमुळे व फळे घेऊ नयेत असेही सांगितले आहे. दहाव्या अध्यायात तर लोखंडी तोंडाचा नांगर भूमीला आणि भूमीतल्या जिवांना मारतो, म्हणून शेती सज्जनांनी निंदिलेली ठरते. थोडक्यात, वांग्याची रोपे लावणारा वानप्रस्थ मनूला ठाऊक नाही. वनात जाणे म्हणजे घेणे कमी करत नेणे. बाग करणे म्हणजे जमिनीकडून आणि पाण्याकडून नव्याने घेऊ लागणे. या दोन गोष्टी एका नावाखाली आणल्या की घेणाऱ्याला त्यागाचे समाधान फुकटात मिळते.

दुसरा आधार ज्ञानेश्वरीचा. सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचे जे वर्णन आहे, त्याहून सुंदर स्थळवर्णन मराठीत क्वचितच असेल. मुळापासून गोड आणि सदा फळणारी झाडे, पावलापावलाला पाणी, पावसाळ्यातही नितळ झरे, कोवळे ऊन, मंद वारा, पाण्याशी हंस आणि दोनचार सारस, कधीमधी कोकिळ. मोर येऊन जाऊन असले तरी ज्ञानेश्वरांची हरकत नाही. (आजच्या फार्महाऊसच्या जाहिराती यापुढे फारच गद्य वाटतात.) पण या वर्णनात एक अट आहे. ती जागा साधकांनी वसवलेली असावी, इतर लोकांच्या पायधुळीने मळलेली नसावी. ज्ञानेश्वरांच्या दृष्टीने ही अट अगदी योग्य आहे, कारण तिथे बसायचे आहे, पिकवायचे नाही. गाव मात्र इतरांच्या पायांनीच गाव होते. तिथे पाणंद असते, बांधावरून भांडणे असतात, एकाच विहिरीवर चार घरांचा हक्क असतो. सहाव्या अध्यायातली जागा शोधत आपण गावात गेलो, तर ते लोक आपल्याला अडथळा वाटू लागतात. मग पहिले काम होते ते कुंपणाचे.

यावर कोणी म्हणेल, आम्हाला हवेत चार गुंठे. त्यात कोणाचे काय बिघडते? ज्या गावाला उन्हाळ्यात पाणी पुरते, तिथे फारसे बिघडणार नाही, हे मान्य. पण अशी गावे किती? कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून तिकडे धाव घेणाऱ्यांनी एप्रिल-मे महिन्यांतला कोकण पाहावा. उतार आणि सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाहीत. पावसाळ्यात ओसंडणारी विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते, आणि वाड्यांना टँकर लागतात. देशावर खाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात, आणि भेगांना गट नंबर माहीत नसतात. नव्या माणसाचे खोल बोअर शेजारच्या जुन्या, उथळ विहिरीचे पाणी ओढू शकते. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर घ्यायला मनाई केली, ती उगाच नव्हे. चार गुंठ्यांची बागही मे महिन्यात रोज पाणी मागते, आणि तिच्या मालकाजवळ खोल बोअर घेण्याइतका पैसा असतो, जो शेजाऱ्याजवळ नसतो.

या जागी दोन गावांची उदाहरणे विचारात घ्यावी लागतात. नगरजवळच्या हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे झाली, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आली, उसासारख्या पिकांना मज्जाव झाला, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. पूर्वी गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. त्याच गावाने बाहेरच्यांना जमीन विकायची नाही असेही ठरवले. म्हणजे शोधणाऱ्याला जे गाव सगळ्यांत आधी आवडेल, त्याने दार लावून घेतले आहे. हा संकुचितपणा आहे का? मला वाटत नाही. ज्यांनी श्रमदान केले, स्वतःच्या हावेला आवर घातला, त्यांचे पाणी केवळ पैसे देऊन मिळावे असे म्हणणेच अधिक संकुचित आहे. दुसरे गाव पुरंदर तालुक्यातले नायगाव. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुण्यातला कारखानदारीचा व्याप असताना तिथे गेले. त्यांनी जमीन विकत घेतली नाही. देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. तिथल्या कामातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या आकारावर नाही तर माणशी मिळेल, अर्ध्या एकराच्या हिशेबाने, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनालाही वाटा असेल, ऊस घ्यायचा नाही, आणि पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. गुण पाहून कोणी हे गाव निवडले नसते. उणीव पाहून निवडले, म्हणून तिथे बाहेरच्या माणसाला स्थान मिळाले.

सर्वांत जड आक्षेप वेगळ्याच दिशेने येतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावाच्या गौरवाची चांगलीच झाडाझडती घेतली होती; गाव हे अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, असा त्यांचा रोख होता. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, विहिरीला हात लावू दिला नाही, त्यांच्यासाठी गाव सोडणे हीच मुक्ती होती. मग गावाच्या उणिवेत वाटेकरी व्हा, हे सांगणारा त्या व्यवस्थेतही वाटेकरी व्हायला सांगतो का? हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. तो माझ्या म्हणण्यात सामावून घ्यावा लागतो. अरणच्या सावता माळ्याचे उदाहरण नेहमी दिले जाते: पंढरपूर फार लांब नसताना त्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. पण सावत्याला मळा निवडावा लागला नव्हता, तो वाडवडिलांकडून आला होता. जन्माने मिळालेली जागा एकाला मळा देते, दुसऱ्याला वेशीबाहेरची झोपडी. म्हणून जागा निवडता येणे ही नैतिक प्रगतीच आहे. प्रश्न असा की हे स्वातंत्र्य हाती आलेला माणूस गावात गेल्यावर कोणत्या आळीकडून गाव पाहतो. आपले पाणी कोणाच्या वाट्यातून येते, हे विचारणाऱ्याला गावाची जातही दिसू लागते, कारण पाण्याच्या ओळीत ती आजही कुठे कुठे उभी असते.

सेवेच्या नावाने गेलेला माणूसही गावाला भारी पडू शकतो, हेही नमूद केले पाहिजे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, तेव्हा एकट्याने खेड्यात राहण्याचा त्यांचा विचार होता. हवा मलेरियाची होती आणि त्यांना स्वतःलाही तो झाला. सोबत न घेण्याचा बेत मात्र टिकला नाही. माणसे येत गेली, आश्रम वाढला, टेलिफोन आला, आणि टपालात विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावाशी घोटाळा होतो म्हणून १९४० मध्ये गावाचे नावच सेवाग्राम झाले. हेतू इतका स्वच्छ असतानाही येणाऱ्याचे वजन गावावर पडलेच. मग आपण सेवा करायलाही जात नाही, फक्त राहायला जातो, असे म्हणणारा अधिक प्रामाणिक ठरतो का? बोलण्यात ठरतो. पण वजन त्याचेही पडते, फक्त त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे: इतकी कसोटी लावली तर कोणी जाणारच नाही, आणि ओस पडत चाललेली गावे ओसच राहतील. मला हे पटत नाही. कसोटी कठीण आहे, पण तिची पहिली पायरी साधी आहे. जमीन घेण्याआधी दोन उन्हाळे त्या गावात भाड्याच्या घरात काढता येतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात बिगरशेतकऱ्याला १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गोव्याने २०२३ मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले. या अटींमधून पळवाट काढून देणारे एजंट तालुक्याच्या गावी मिळतात. पळवाटेऐवजी भाडेपट्टा घेतला, तर गावालाही आपल्याला पारखायला वेळ मिळतो. आणि नायगावचा नियम तिथे लागू आहे असे मनाशी धरून चालावे: सातबारावर वीस एकर असले तरी पाणी घरातल्या डोक्यांइतकेच, आणि जमीन विकली तर ते विकता येणार नाही. या अटीवर खरेदीखतावर सही करायला किती जण तयार होतील?