जंताच्या औषधाची आडवाट

हैदराबादच्या बेगमपेठेत एक जुनी इमारत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी इथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पण डासावर संशय घ्यायला त्यांना शिकवलं होतं हत्तीरोगाच्या जंताने. हा जंत डासात वाढतो हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात पाहिलं होतं, आणि रॉस यांना डासांमागे लावणारेही मॅन्सनच. पुढे हिवतापाचं नाव झालं. जंत मागे राहिला.

औषधाचंही असंच झालं. जंत हा आपल्यासारखाच स्नायू आणि नसा असलेला प्राणी. त्याला मारील ते आपल्यालाही बाधायचं. आर्सेनिक, अँटिमनी ही विषंच औषध म्हणून दिली जात. मग दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैनिकांना या जंताची लागण झाली आणि संशोधनाला घाई आली. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ले कंपनीचं संशोधन सांभाळत होते. १९४७ साली त्यांच्या चमूचं डीईसी पुढे आलं. हे औषध परीक्षानळीतल्या जंताला फारसं काही करत नाही. रोग्याने गोळी गिळली, की रक्तातली जंतांची पिल्लं बघता बघता नाहीशी होतात. अर्धं काम शरीरच करतं. पुढच्याच वर्षी सुब्बाराव गेले. गोळी आजही चालू आहे.

त्यानंतरची औषधं आली ती गोठ्यातून. शाळेत मुलांना चघळायला देतात ते अल्बेंडाझोल आधी जनावरांचं. जपानच्या मातीतून ओमुरा आणि कॅम्पबेल या संशोधकांच्या हाती लागलेलं आयव्हरमेक्टिनही १९८१ साली गुरामेंढरांसाठीच विकायला आलं. माणसांना ते १९८७ पासून मिळू लागलं, तेही दान म्हणून. गुराच्या औषधाला गिऱ्हाईक असतं. पाय सुजलेल्या मजुराच्या औषधाला नसतं. ही गोष्ट मला फार सलते.

हैदराबादेत बसून ती जास्तच सलते. १९७० च्या पेटंट कायद्याने माहीत असलेलं औषध नव्या रीतीने बनवायची वाट मोकळी केली, आणि बालानगरच्या आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत तयार झालेल्या अंजी रेड्डींसारख्या माणसांनी या गावाला औषधांचा कारखाना केलं. गोळी स्वस्त कशी करायची, हे इथल्याइतकं फार थोड्या ठिकाणी कळतं. मग कोणती गोळी शोधायची, हेही इथेच का ठरू नये? पूर्ण वाढलेल्या जंताला एका मात्रेत हमखास मारणारं औषध अजून नाही. त्याच्या शरीरातल्या जीवाणूंवर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण ते कित्येक आठवडे घ्यावं लागतं. वस्तीवस्तीतून ते कोण पुरं करणार?

पिल्लं रक्तात वर येतात ती रात्री, डास चावायच्या वेळेला. म्हणून पिल्लांसाठीची रक्ततपासणीही रात्रीच. आरोग्यसेवक दार वाजवतो, झोपेतल्या माणसाचं बोट धरून सुई टोचतो, थेंब काचेवर पसरतो आणि शेजारच्या दाराकडे वळतो. त्या माणसाच्या जांघेतल्या लसीकावाहिनीत जंतांची जोडी बसलेली असते. ती तिथे आणखी काही वर्षं राहणार असते.