बरणीतला तेलमाड

बसा, जिथे आहात तिथेच. श्वास त्याच्या चालीने चालू द्या.

मनात एक तेलमाड उभा करा. मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, आता मलेशियात रांगांनी लावलेला. फांदी नाही, फुटवा नाही. शेंड्यात वाढीचा एकच कोंब. तो खुडला की झाड संपलं. केळीचा मुनवा काढून लावावा, तशी सोय इथे नाही. बी पेरावं तर आईबापांची सरमिसळ. एखादं भरघोस झाड जसंच्या तसं पुन्हा हाती लागत नाही. म्हणून १९७०च्या दशकात संशोधक काचेच्या बरणीकडे वळले.

आता गाभ्यातलं न उमललेलं, उजेड न पाहिलेलं फिकट पान बघा. त्याचा लहानसा तुकडा निर्जंतुक बरणीत, अंधारात ठेवलाय. इथे थांबा. आठवडे जातात, काही घडत नाही. मग कडेला पेशींचा ओबडधोबड गोळा धरतो. पान आपलं पानपण विसरू लागलंय. बहुतेक तुकडे याच्या पुढे जात नाहीत. थोड्यांतून भ्रूण येतात, फूल-पराग काही नसताना. मग कोंब, मग मुळं. यात वर्षं जातात. घाई करू नका. बरण्या ठेवलेल्या खोलीतही ती कुणाला करता येत नाही.

रोप जमिनीत गेलं. आणखी दोन-तीन वर्षांनी फुलोरा आला, आणि १९८०च्या दशकात काही झाडांत भलतंच दिसलं: पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरांसारखे अवयव, फळाभोवती जादा मांसल वेष्टन, घड वाया. खोड, पानं, उंची मात्र निकोप. फुलापर्यंत कळायला मार्गच नव्हता.

इथे रेंगाळा. जनुकाची अक्षरं बदलली नव्हती. फूल घडवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा बसलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘कर्म’ म्हणतात (नावात अडकू नका). निरोगी झाडात मिथाइलच्या रासायनिक खुणा त्याला गप्प ठेवतात. बरणीतल्या मुक्कामात काही रोपांच्या त्या खुणा पुसल्या गेल्या. मलेशिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हे २०१५ साली दाखवलं. मला वाटतं, नकलेत सगळं उतरलं होतं. कुणी कुठे गप्प राहायचं, एवढंच सुटलं.

आता कोवळ्या रोपाचं पान तपासून पुढच्या फळाचा अंदाज घेता येतो. जुन्या मळ्यांतली सौम्य बिघाडाची काही झाडं मात्र कालांतराने आपणहून नीट घड देऊ लागली. हवा तेवढा वेळ त्यांच्यापाशी बसा.