यंत्राच्या अंगातला ताप

‘वॉरहॅमर’ नावाचा ७० टनांचा एक यंत्रमानव आहे. त्याच्या दोन्ही हातांच्या जागी तोफा आहेत आणि एक तोफ एकदा डागली की अंगात १० एकक ताप चढतो. दोन्ही डागल्या आणि वर चार पावले चालला, की झाला २१. ताप बाहेर टाकायला अंगात १८ हीट सिंक आहेत, म्हणजे शिल्लक राहिले ३. एवढे खपून जाते. पण समोरचा शत्रू अर्धमेला दिसला, मोह आवरला नाही आणि छातीच्या दोन बाजूंचे लेसरही त्याच डावात वापरले, की आणखी ६. आता शिल्लक ९. पुढच्या डावात चाल मंदावणार आणि नेमही बिघडणार. ताप १४ वर गेला की यंत्र बंद पडणार की नाही हे फाशांवर ठरते, १९ वर गेला की अंगातला दारूगोळा फुटण्याची टांगती तलवार, आणि ३० ला यंत्र हमखास ठप्प. हा सगळा हिशेब खेळाडू एका छापील पानावर पेन्सिलीने करतो, खोडतो, पुन्हा करतो. महाकाय यंत्रमानवांच्या युद्धाचा खेळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो धडाका उभा राहतो, त्याच्याशी या खतावणीचा मेळ बसत नाही. तरीही चाळीस वर्षे लोक या खेळात गुंतून आहेत ते या खतावणीपायीच, असे माझे म्हणणे आहे.

खेळाचे नाव ‘बॅटलटेक’. शिकागोच्या फासा या कंपनीने तो १९८४ साली ‘बॅटलड्रॉइड्स’ या नावाने बाजारात आणला (फाशांवर चालणाऱ्या खेळाच्या कंपनीला मराठीत याहून चपखल नाव सुचले नसते). ‘ड्रॉइड’ या शब्दावर ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी हक्क सांगितल्यामुळे पुढच्या वर्षी नाव बदलले. मग कादंबऱ्या आल्या, संगणकावरचे खेळ आले, आणि एक अवाढव्य काल्पनिक इतिहास रचला गेला. त्या इतिहासाचा गाभा असा: अठ्ठाविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांचे एक समृद्ध आंतरतारकीय साम्राज्य मोडून पडते आणि पाच मोठी घराणी त्याच्या वारशासाठी अडीचशे वर्षे लढत राहतात. या लढायांत कारखानेच बेचिराख होतात. जे उरतात ते आपोआप चालतात, पण कसे चालतात हे कोणालाच उमगत नाही. यंत्रमानव बापाकडून मुलाकडे वारशाने येतो, त्याचा मोडलेला गुडघा शत्रूच्या सांगाड्यातून काढून बसवला जातो. हरवलेल्या तंत्रविद्येसाठी या विश्वात ‘लॉसटेक’ असा शब्दच आहे. मूळ खेळ ३०२५ सालात घडतो, पण त्याचे वातावरण भविष्याचे नाही, भंगारबाजाराचे आहे.

चाहता नेमका कशावर जीव लावतो ते पाहण्यासारखे आहे. १९८६ साली या विश्वातल्या यंत्रांची सूची ‘टेक्निकल रीडआउट : ३०२५’ या नावाने निघाली. तिच्यात प्रत्येक यंत्राचा सांगाडा कोणाचा, इंजिन कोणत्या बनावटीचे, लेसर कोणत्या कंपनीचा हे तर दिलेले आहेच, वर कोणत्या यंत्रात काय खोट आहे तेही मोकळेपणाने सांगितले आहे. त्यात ‘चार्जर’ नावाचा ८० टनांचा एक गडी आहे. त्याच्यात इतके प्रचंड इंजिन कोंबले आहे की ८० पैकी साडेबावन्न टन त्यातच जातात, आणि शस्त्र म्हणून उरतात पाच किरकोळ लेसर, मिळून अडीच टनांचे. असले फसलेले आरेखन कुठल्याही कारखान्यात लपवले गेले असते. चाहते मात्र ‘चार्जर’वर हसतात, त्याची बाजू मांडतात, रात्र जागवून त्याची नव्याने जुळणी करतात. इथे कौतुक बलाढ्यपणाचे असते तर ‘चार्जर’ केव्हाच विसरला गेला असता. दूरदर्शनवर १९८०च्या दशकात ‘जायंट रोबोट’ लागायचा. त्यातला मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलला की तो अजस्र पुतळा हुकूम पाळी. त्या रोबोटला ना वजनाची काळजी होती, ना तापाची. पोरांच्या स्वप्नातला रोबोट तो. ‘बॅटलटेक’चा रोबोट मोठ्या माणसाच्या विवंचनेतून आलेला आहे: एकाला चार जोडायचे तर दुसऱ्याचे चार काढावे लागतात.

खेळ हिशेबावर टिकला आहे याचा सर्वांत सबळ पुरावा एका कज्ज्याने पुरवला. सुरुवातीच्या कित्येक यंत्रांची रूपे ‘मॅक्रॉस’सारख्या जपानी चित्रमालिकांतून घेतलेली होती, ‘वॉरहॅमर’चेही त्यांतलेच. हक्कांवरून हार्मनी गोल्ड या अमेरिकन कंपनीशी वाद झाला आणि १९९६ साली तडजोड होऊन ती चित्रे पुस्तकांतून गेली. चाहते त्या यंत्रांना ‘अनसीन’ म्हणू लागले. ‘वॉरहॅमर’चा चेहरा गेला, पण ७० टन, दोन तोफा आणि १८ हीट सिंक पानावर राहिले, आणि खेळ चालू राहिला. चाहत्यांनी चित्रांसाठी हळहळ केली नाही असे नाही. पुढे नव्या रेखाटनांचे त्यांनी जंगी स्वागतही केले. पण चेहऱ्यावाचून यंत्र टिकले, हिशेबावाचून टिकले नसते.

आता हा हिशेब घेऊन पुण्याजवळच्या चाकणच्या वेल्डिंग शॉपमध्ये जाऊ. स्पॉट वेल्डिंगच्या रोबोटच्या हातात तांब्याच्या दोन टिप्स असतात. पत्रे त्यांच्यात दाबले जातात, हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणभर वाहतो आणि पत्रे एकजीव होतात. तीच उष्णता टिपलाही खाते. टिप अळंबीसारखी पसरते, प्रवाह विखुरतो, टाका कच्चा राहतो. म्हणून ठरावीक टाक्यांनंतर रोबोट स्वतःच कटरपाशी जाऊन टिप तासून घेतो, ज्याला शॉपवर सगळे टिप ड्रेसिंग म्हणतात. टिप्स धरणाऱ्या वेल्डिंग गनमधून पाणी खेळते ठेवावे लागते. ते अडले की लाइन उभी. मे महिन्यात कंट्रोल पॅनेलच्या पंख्याची जाळी धुळीने चोंदली की ड्राइव्ह तापल्याचा अलार्म वाजतो आणि मेंटेनन्सवाल्याची धावाधाव होते. नारिंगी हाताची लयबद्ध हालचाल भेटीला आलेल्या पाहुण्यांसाठी. ज्याची पाळी आहे त्याला दिसतो तो ताप, झीज आणि स्टोअरमध्ये नसलेला स्पेअर. ‘बॅटलटेक’च्या पानाची भाषा या माणसाला कोणी समजावून द्यावी लागणार नाही.

‘लॉसटेक’ही इथून परका वाटत नाही. चाकणमधला रोबोट बहुधा जर्मन असतो किंवा जपानी. ज्या कुका या रोबोट कंपनीला आपण जर्मन म्हणतो तिची मालकी २०१७ पासून माइडिया या चिनी कंपनीकडे आहे. आपण तो प्रोग्राम करतो, उघडतो, दुरुस्त करतो, पण त्याच्या सांध्यातला गिअर असाच का, हे ठरवणारी खोली दुसऱ्या देशात असते. वापर येतो, घडण येत नाही, हीच ३०२५ सालची अवस्था. पण दुरुस्तीतून घडणीकडे वाट जाते हेही पुण्याभोवतीच्या याच औद्योगिक पट्ट्याने दाखवले आहे. बजाजने इटलीच्या पियाजिओचा परवाना घेऊन स्कूटर बनवली, १९७१ मध्ये तो करार संपला, आणि आकुर्डीतून ‘चेतक’ आली. भोसरीच्या लहान शेडमधली कित्येक कौशल्ये आयात यंत्राचा मोडका भाग हातात घेऊन ‘असाच करून दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापासून सुरू झाली. या वाटेने सगळेच पार जातात असे मात्र नाही. कॉपी हुबेहूब उतरते आणि धातूवरची उष्णताप्रक्रिया हातातून निसटते, हा अनुभव जुन्या टूलरूमवाल्यांना नवा नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील की हे सारे विज्ञानाच्या नावाखाली चाललेले अविज्ञान आहे. ते खरे आहे. उंची दुप्पट केली की वजन आठपट होते आणि पायाचा छेद मात्र चौपट. शंभर टनांचे दोन पायांवरचे यंत्र पहिल्याच पावसाळी शेतात घोट्यापर्यंत रुतेल. खऱ्या लष्करी यंत्रमानवाचे रूप पाहायचे तर दिघीला जावे. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेने बनवलेला ‘दक्ष’ हा चाकांवरचा बुटका गाडा आहे, लांबून चालवला जातो आणि बॉम्ब उचलून बाजूला नेतो. त्याचे मोठेपण माणसाला धोक्यापासून लांब ठेवण्यात आहे, माणसाला आपल्या डोक्यात बसवून मिरवण्यात नाही. तरीही हा आक्षेप मला नेमका लागू वाटत नाही. बुद्धिबळातल्यासारखा खरा घोडाही अडीच घरे उडत नाही. खोट्या गृहीतकावर काटेकोर नियम उभे केले की त्या नियमांच्या आत केलेला विचार खरा असतो, आणि काटेकोरपणाची सवय गृहीतकापेक्षा जास्त टिकते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वर्षानुवर्षे रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या रोबोटस्पर्धेच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या, २०१४ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही पुण्यात झाली. तिथल्या पोरांचे रोबोट जी कामे करत ती जगाच्या उपयोगाची नव्हती, पण बॅटरीचे वजन आणि मोटरचा जोर यांचा मेळ खराच घालावा लागे.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. हे शेवटी युद्धाचे खूळ आहे, पटावर टेकड्या आणि जंगले आहेत, त्या जंगलात राहणारे कोणी नाही. हे मी नाकारत नाही. खेळातल्या मोहिमेच्या नियमांत जिंकूनही दिवाळखोर होता येते, हे युद्धविरोधाचे तत्त्वज्ञान म्हणून खपवणे लबाडीचे होईल. पण शस्त्र आणि अवजार यांची सीमारेषा आपल्याकडे तरी कुठे स्वच्छ आहे? खंडेनवमीला शस्त्रे पुजायची. भोसरीत त्या दिवसांत लेथला झेंडूची माळ पडते, व्हर्नियरला हळदकुंकू लागते. त्याच हातांना उद्या तोफेचा भाग वळवायला मिळाला तर पूजा तीच. यंत्रावरच्या प्रेमाला यंत्र कशासाठी आहे याचे सोयरसुतक नसते. ही त्या प्रेमातली खोट आहे आणि ती एकट्या खेळाच्या माथी मारता येत नाही.

मला स्वतःला सर्वांत बोचते ते निराळेच. कादंबऱ्यांतला नायक चालक असतो, बहुधा उमराव घराण्यातला. त्याच्या यंत्राचा गुडघा बसवणारा दोन ओळींत येतो आणि जातो. इथे गोष्ट आणि हिशेब यांची फारकत होते, आणि प्रामाणिक ठरतो तो हिशेब. चाहत्यांनी मोहिमेचा जमाखर्च ठेवण्यासाठी ‘मेकएचक्यू’ नावाची मोफत संगणकप्रणाली बनवली आहे. तिच्यात तंत्रज्ञाला दिवसाला ४८० मिनिटे मिळतात, म्हणजे आपली आठ तासांची पाळी. त्यात मोडलेला हात बसवायचा की चिलखत भरायचे हे ठरवावे लागते. मिनिटे संपली की सरदाराचा यंत्रमानव कितीही लाडका असो, उद्यापर्यंत शेडमध्ये उभा. तंत्रज्ञाच्या हाताखाली सहा मदतनीस लागतात आणि महिनाअखेर सगळ्यांचा पगार द्यावा लागतो.

मराठी साहित्यात यंत्र आले ते दोन वाटांनी. मर्ढेकरांच्या कवितेत ते माणसाला भरडणारे आहे, नारायण सुर्व्यांच्या कवितेत त्याच्यापाशी उभा असलेला कामगार आहे. आणि जयंत नारळीकरांपासूनची विज्ञानकथा प्रयोगशाळेतून आणि वेधशाळेतून कल्पना घेऊन येते. दोन्ही वाटा मोठ्या आहेत. पण बेअरिंगच्या आवाजावरून ते किती दिवस टिकेल हे सांगणाऱ्या माणसाचे ज्ञान, त्यातला आनंद, त्यातली चिडचिड, हे दोन्हीकडे फारसे सापडत नाही. निगडीपासून चाकणपर्यंत असे ज्ञान रोज तीन पाळ्यांत बोलले जाते: ‘टिप गेली’, ‘गन गरम होतेय’, ‘स्पेअर जर्मनीहून येणार, तोवर जुगाड’. एक परका खेळ ३०२५ सालच्या उमरावांची कथा सांगता सांगता हीच वाक्ये नियम म्हणून छापतो आणि लोक ती हौसेने वाचतात.